कॅल्कमध्ये काउंटइफ आणि व्हीलूकअप चुकीची उत्तरे देतात तेव्हा काय तपासावे

लिबरऑफिस कॅल्क या तक्ते हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवलेल्या यादीवर काउंटइफ (जुळणाऱ्या नोंदी मोजणारे), समइफ (त्यांची बेरीज करणारे) किंवा व्हीलूकअप (तक्त्यातून जुळणारी नोंद शोधणारे) सूत्र चालवले असता काही उत्तरे बरोबर येतात, काही चुकतात, सूत्र कितीही वेळा तपासले तरी त्यात दोष सापडत नाही, आणि एकदा मार्गी लागलेले काम पुढच्या महिन्यात पुन्हा बिघडते, अशी तक्रार पुण्यातल्या लहान कार्यालयांतून नेहमी ऐकू येते. बहुतेक ठिकाणी संशय प्रथम नोंदी करणाऱ्या व्यक्तीवर जातो, त्यानंतर संगणकावर, आणि शेवटी कॅल्कवरच फुली मारून सगळे एक्सेलमध्ये हलवण्याची भाषा सुरू होते. प्रत्यक्षात दोष यांपैकी कोणाचाच नसतो. सूत्रांनी शोध कसा घ्यावा हे ठरवणारे काही पर्याय कॅल्कमध्ये आहेत, ते फाइलीगणिक वेगवेगळे असू शकतात, आणि ही गोष्ट पडद्यावर कुठेही आपणहून दिसत नाही.

नेमके काय घडते ते एका उदाहरणावरून पाहू. टपालाने अंक पाठवणाऱ्या एका छोट्या मासिकाची वर्गणीदारांची यादी आहे. पुण्याच्या पत्त्यांत पिनकोडचे शेवटचे आकडेच लिहिण्याची जुनी सवय असल्यामुळे एका रकान्यात ‘पुणे ४’, ‘पुणे ३०’, ‘पुणे ३८’ अशा नोंदी आहेत. म्हणजे अनुक्रमे डेक्कन जिमखाना, सदाशिव पेठ आणि कोथरूड. अंकांचे गठ्ठे बांधण्याआधी प्रत्येक विभागात किती अंक जाणार हे काउंटइफने मोजले जाते. समजा, ‘पुणे ४’चे वर्गणीदार ३१, बाणेरचे म्हणजे ‘पुणे ४५’चे १८ आणि कात्रजचे म्हणजे ‘पुणे ४६’चे ९ आहेत. काउंटइफने ‘पुणे ४’साठी ३१ हे उत्तर द्यायला हवे; पण ते ५८ देते. त्याच यादीत ‘पुणे २’चे २२ आणि हडपसरचे म्हणजे ‘पुणे २८’चे १४ असतील, तर ‘पुणे २’चे उत्तर ३६ येते. बाकी सगळे विभाग मात्र अचूक असतात.

हे ‘बाकी सगळे अचूक’ असणेच निदानाच्या कामी येते. चुकलेले आकडे कोणत्या नोंदींचे आहेत ते पाहावे. जी नोंद दुसऱ्या एखाद्या मोठ्या नोंदीच्या पोटात जशीच्या तशी बसते, तिचेच उत्तर फुगते. ‘पुणे ४’ ही अक्षरे ‘पुणे ४५’मध्येही आहेत, ‘पुणे ३०’ मात्र यादीतल्या दुसऱ्या कोणत्याही नोंदीत नाही. विभागवार बेरीज एकूण वर्गणीदारांपेक्षा जास्त भरते, इथे ती ४१ ने जास्त भरेल, आणि हा फरक नेमका बाणेर, कात्रज व हडपसरच्या संख्यांच्या बेरजेइतका असतो. गृहनिर्माण संस्थेच्या हिशेबात हाच प्रकार ‘ए-१’ या सदनिकेच्या नावावर ए-१०, ए-११ आणि ए-१२ यांचीही वर्गणी जमा दिसण्याच्या रूपात समोर येतो. तिथे तर एका इमारतीत एकाच सदनिकेचा हिशेब चुकलेला दिसतो आणि सगळे त्या एका पावतीच्या मागे लागतात.

व्हीलूकअपमध्ये हा दोष अधिक फसवा असतो, कारण तिथे आकडा फुगत नाही, उत्तरच बदलते. विभागाच्या तक्त्यात ‘पुणे ४५’ची ओळ ‘पुणे ४’च्या आधी आली असेल, तर ‘पुणे ४’ शोधणारे सूत्र पहिल्या जुळणाऱ्या ओळीवर थांबते आणि डेक्कनच्या वर्गणीदारापुढे बाणेर छापते. तक्त्याचा क्रम बदलला की उत्तर बरोबर येते, आणि दुरुस्ती झाली असा समज होतो. व्हीलूकअपच्या चौथ्या घटकात शून्य लिहिले आहे ना, हे आधी पाहून घ्यावे. तो घटक लिहिलाच नाही तर तक्ता चढत्या क्रमाने लावलेला आहे असे गृहीत धरले जाते आणि त्यातून निघणाऱ्या चुका वेगळ्या जातीच्या असतात. पण शून्य लिहूनही चुकीचे उत्तर येत असेल, तर पुढचे वाचावे.

ज्या चौकटीने हे सगळे ठरते ती ‘टूल्स’ या मेनूतील ‘ऑप्शन्स’मध्ये, ‘लिबरऑफिस कॅल्क’ या शीर्षकाखालच्या ‘कॅल्क्युलेट’ या पानावर आहे. मॅकवर याच गोष्टीसाठी ‘लिबरऑफिस’ मेनूतील ‘प्रेफरन्सेस’मध्ये जावे लागते. त्या पानावर ‘सर्च क्रायटेरिया = अँड <> मस्ट अप्लाय टू होल सेल्स’ असे लांबलचक नाव असलेली चौकट आहे. तिच्यात खूण असेल तर शोधायचा मजकूर आणि सेलमधला मजकूर पूर्णपणे जुळला तरच नोंद धरली जाते. खूण काढलेली असेल तर शोधायचा मजकूर सेलमध्ये कुठेही, सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी, आढळला तरी चालतो. आपल्या उदाहरणातल्या फाइलीत ही खूण कुणीतरी कधीतरी काढलेली आहे. खूण करून पान बंद करावे, मग कंट्रोल, शिफ्ट आणि एफ-९ या तीन कळा एकत्र दाबून संपूर्ण फाइलीची फेरगणना करून घ्यावी. ‘पुणे ४’ पुन्हा ३१ वर येईल.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही चौकट फक्त मजकुराच्या तुलनेला लागू पडते. सेलमध्ये खरोखरची संख्या असेल, तर ४ ही संख्या ४५ शी कधीच जुळत नाही, मग खूण असो वा नसो. म्हणूनच ज्या यादीत संपूर्ण पिनकोड संख्या म्हणून भरलेला आहे तिथे ही तक्रार येत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की ज्यांना यादी नव्याने घडवण्याची मोकळीक आहे त्यांनी ‘पुणे ४’ची सवय पाकिटावर जरूर ठेवावी, पण यादीत ४११००४ असा सहा अंकी पिनकोड स्वतंत्र रकान्यात संख्या म्हणून भरावा. पिनकोडची सुरुवात शून्याने होत नसल्यामुळे तो संख्या म्हणून ठेवताना काही गळत नाही. शिवाय तो मजकूर म्हणून भरला गेला तरी सगळे पिनकोड सारख्याच लांबीचे असल्याने एक दुसऱ्याच्या पोटात बसत नाही.

त्याच पानावर, याच चौकटीच्या शेजारी, तीनपैकी एक निवडण्याचा दुसरा पर्याय आहे: सूत्रांत वाइल्डकार्ड (कोणत्याही अक्षरांच्या जागी चालणारी चिन्हे) चालावीत, रेग्युलर एक्स्प्रेशन (चिन्हांनी लिहिलेले शोधाचे नमुने) चालावीत, की दोन्हींपैकी काहीच चालू नये. वाइल्डकार्डचा पर्याय लिबरऑफिसमध्ये २०१६ साली ५.२ या आवृत्तीपासून आला. त्याआधीच्या फाइली, तसेच जुन्या ओपनऑफिसमधून आलेल्या फाइली, बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशन चालू ठेवूनच घडलेल्या असतात. वर्षानुवर्षे ‘सेव्ह ॲज’ करत पुढे नेलेल्या यादीत हा वारसा तसाच चालत येतो.

रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असताना कंस, टिंब, अधिक चिन्ह, तारांकन आणि प्रश्नचिन्ह ही साधी चिन्हे राहत नाहीत, त्या आज्ञा बनतात. आपले पत्ते आणि नोंदी या चिन्हांनी भरलेल्या असतात. यादीत ‘सदाशिव पेठ (पुणे ३०)’ असे लिहिलेले असेल आणि व्हीलूकअप हाच मजकूर दुसऱ्या तक्त्यात शोधत असेल, तर दोन्हीकडची अक्षरे तंतोतंत सारखी असूनही नोंद सापडत नाही, कारण कंस हे गट करण्याचे चिन्ह मानले जाते आणि सूत्र कंसाविना ‘सदाशिव पेठ पुणे ३०’ शोधत बसते. वर्गणीच्या प्रकारात ‘मासिक + दिवाळी अंक’ असे असेल तर अधिक चिन्ह आधीच्या रिकाम्या जागेला चिकटते आणि तीही नोंद हुकते. आजीव वर्गणीदारांपुढे तारांकन करण्याची पद्धत असेल तर गंमतच होते: ‘आजीव*’ याचा अर्थ शेवटचा ‘व’ असला तरी चालेल, नसला तरी चालेल असा घेतला जातो, आणि यादीत कुणी ‘आजी’ असेल तर ती या सूत्राला सापडते, संपूर्ण सेलची खूण असेल तर तारांकनासह लिहिलेले आजीव वर्गणीदार मात्र सापडत नाहीत.

वाइल्डकार्ड चालू असतील तर कंस, टिंब आणि अधिक चिन्ह निरुपद्रवी होतात. तारांकन म्हणजे कितीही अक्षरे आणि प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर, एवढेच अर्थ उरतात. खरे तारांकन शोधायचे असेल तर त्याच्याआधी टिल्ड, म्हणजे ~ हे नागमोडी चिन्ह, लावावे लागते. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये तेच काम उलटी तिरकी रेघ करते. जिथे वाइल्डकार्डची गरजच नाही अशा निव्वळ नावांच्या आणि पत्त्यांच्या यादीसाठी तिसरा पर्याय, म्हणजे दोन्ही बंद, सर्वांत सुरक्षित आहे.

तरीही मी तो सरसकट सुचवणार नाही. बाहेरच्या छपाईवाल्याकडे किंवा हिशेबनिसाकडे यादी एक्सेलच्या स्वरूपात जात असेल, तर कॅल्कने एक्सेलसारखेच वागणे सोयीचे असते, आणि त्यासाठी संपूर्ण सेल जुळण्याची खूण असणे व वाइल्डकार्ड चालू असणे या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. एक्सेलमध्ये असा पर्यायच नाही. तिथे हीच एक पद्धत आहे. जे केवळ अंशतः जुळणाऱ्या नोंदी हव्यात म्हणून संपूर्ण सेलची खूण काढतात, त्यांनी ती राहू द्यावी आणि गरज तिथे सूत्रातच तारांकन लिहावे. सगळ्या पेठांचे वर्गणीदार मोजायचे असतील तर ‘*पेठ*’ असा निकष द्यावा. सदाशिव, नारायण, शनिवार सगळ्या येतील आणि बाकीची सूत्रे बिघडणार नाहीत. एका सूत्राच्या सोयीसाठी संपूर्ण फाइलीचा नियम बदलणे हेच या तक्रारींचे सर्वांत सामान्य मूळ असावे असे मला वाटते.

आता, दुरुस्ती करूनही दोष परत का येतो? हे पर्याय ओडीएस या कॅल्कच्या स्वतःच्या स्वरूपातल्या फाइलीत त्या फाइलीबरोबर साठवले जातात. फाइल उघडी असताना पर्याय बदलला तर तो त्या फाइलीला लागू होतो, आणि यापुढे तयार होणाऱ्या नव्या फाइलीही तोच पर्याय घेतात. पण आधीपासून संगणकावर असलेल्या इतर फाइली आपापले जुने पर्याय धरूनच राहतात. फाइल दुरुस्त केल्यावर ती जतन न करता बंद केली तर त्या फाइलीतला बदल टिकत नाही. आणि जूनची यादी दुरुस्त करून जुलैची यादी मात्र मेच्या फाइलीवरून उचलली, तर जुलैमध्ये जुनाच घोळ पुन्हा उभा राहणार हे ठरलेलेच आहे. एका फाइलीतले पान दुसऱ्या फाइलीत नकलले तरी सूत्रे तिथे गेल्यावर त्या दुसऱ्या फाइलीच्या नियमाने चालतात.

यात एक्सेलच्या स्वरूपाची भर पडते. एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलच्या फाइलीत हे पर्याय साठवण्याची सोय नाही, त्यामुळे अशी फाइल कॅल्कमध्ये उघडली की ती एक्सेलच्या पद्धतीने, म्हणजे वाइल्डकार्डसह आणि संपूर्ण सेल जुळवूनच चालते. कार्यालयातल्या ओडीएसमध्ये ५८ आणि बाहेरून परत आलेल्या एक्सएलएसएक्समध्ये ३१ असे दोन आकडे एकाच यादीवर, एकाच सूत्राने, एकाच संगणकावर दिसतात ते यामुळे. उलट बाजूने, रेग्युलर एक्स्प्रेशनवर बेतलेली सूत्रे एक्सएलएसएक्समध्ये जतन करून पुन्हा उघडली की मोडतात.

फाइल कोणत्या नियमाने चालते आहे याचा निवाडा पर्यायांचे पान न उघडताही करता येतो. त्याच फाइलीत एक रिकामे पान घ्यावे. पहिल्या रकान्यात एकाखाली एक ‘पुणे ४’, ‘पुणे ४५’, ‘पुणे ४६’ लिहावे आणि या तीन सेलवर ‘पुणे ४’चा काउंटइफ चालवावा. उत्तर १ आले तर संपूर्ण सेल जुळवला जातो आहे. ३ आले तर खूण काढलेली आहे. त्याखाली एका सेलमध्ये ‘अंक (जोड)’ असे लिहून त्या एकाच सेलमध्ये तोच मजकूर मोजावा. उत्तर ० आले तर रेग्युलर एक्स्प्रेशन चालू आहेत, कारण सेलला स्वतःचाच मजकूर ओळखता आलेला नाही. १ आले तर आणखी दोन सेलमध्ये ‘आजीव*’ आणि ‘आजीव सभासद’ लिहून ‘आजीव*’ मोजावे. वाइल्डकार्ड चालू असतील तर २ येईल. संपूर्ण सेलची खूण असताना १ आले, तर दोन्ही बंद आहेत असे समजावे.

इथे एक गोंधळ दूर केला पाहिजे. कंट्रोल आणि एच दाबल्यावर उघडणाऱ्या ‘फाइंड अँड रिप्लेस’ खिडकीतही ‘एन्टायर सेल्स’, ‘वाइल्डकार्ड्स’ आणि ‘रेग्युलर एक्स्प्रेशन्स’ अशा चौकटी आहेत, पण त्यांचा सूत्रांशी काहीही संबंध नाही. तिथे कितीही खुणा केल्या किंवा काढल्या तरी काउंटइफचे उत्तर हलणार नाही. त्या खिडकीतल्या शोधात डोळ्यांसमोरची नोंद सापडत नसेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण राहून गेली आहे का, शोध फक्त निवडलेल्या सेलपुरता मर्यादित आहे का, आणि ‘सर्च इन’मध्ये ‘फॉर्म्युलाज’ निवडलेले असताना आपण सूत्रातून आलेले उत्तर शोधतो आहोत का, एवढे पाहिले की बहुधा भागते.

संपूर्ण सेलची खूण केल्यानंतर काही जणांना नवाच धक्का बसतो: आधी जास्त भरणारी बेरीज आता एकूण संख्येपेक्षा कमी भरते. ही नवी चूक नसते, झाकलेली जुनी चूक उघडी पडलेली असते. ‘पुणे ४’नंतर चुकून एक रिकामी जागा टाइप झाली असेल, तर सैल शोधात ती नोंद धरली जात होती, काटेकोर शोधात ती गळते. शेवटच्या रिकाम्या जागा काढण्यासाठी फाइंड अँड रिप्लेसमध्ये तेवढ्यापुरती रेग्युलर एक्स्प्रेशनची खूण करावी, शोधायच्या जागी उलटी तिरकी रेघ, इंग्रजी लहान एस, अधिक चिन्ह आणि डॉलरचे चिन्ह असे सलग टाइप करावे, बदलायची जागा रिकामी ठेवावी आणि तो रकाना निवडून सगळीकडे बदल करावा. संकेतस्थळावरच्या अर्जातून किंवा पीडीएफमधून चिकटवलेल्या नोंदींत न तुटणारी रिकामी जागा येते. तिचा क्रमांक १६० आहे, दिसायला ती नेहमीच्या जागेसारखीच असते, पण जास्तीच्या रिकाम्या जागा काढणारे ट्रिम हे सूत्र तिला हात लावत नाही. वरची पद्धत मात्र तिलाही काढते.

मराठी नोंदींत याहून चिवट प्रकार आढळतात. एकाने ‘पुणे ४’ देवनागरी आकड्यात लिहिले आणि दुसऱ्याने इंग्रजी आकड्यात, तर वाचणाऱ्याला फरक जाणवत नाही, कॅल्कला ती दोन वेगळी नावे वाटतात. ‘ॲडव्होकेट’मधला ‘ॲ’ हे एक स्वतंत्र अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि ‘अ’वर चंद्र देऊनही, छापून आल्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडकर’ अशा आडनावांतला ‘ऱ’ही कळफलकानुसार वेगवेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी उमटतो. अशा दोन सेलपैकी कोणता वेगळा आहे हे पाहण्यासाठी लेन हे सूत्र दोन्हींवर चालवून अक्षरसंख्या ताडून पाहावी. ‘ॲ’च्या बाबतीत ती एकाने कमीजास्त निघते. आकड्यांच्या बाबतीत ती सारखीच राहते, म्हणून तिथे युनिकोड या सूत्राने त्या एका अक्षराचा क्रमांक काढावा.

संख्या आणि मजकूर यांची सरमिसळ ओळखायला मात्र सूत्र लागत नाही. कंट्रोल आणि एफ-८ दाबले की कॅल्क मजकूर काळ्या, संख्या निळ्या आणि सूत्रे हिरव्या रंगात दाखवतो. पिनकोडच्या निळ्या रकान्यात मध्येच चारदोन काळे सेल दिसले, तर व्हीलूकअपला न सापडणारे वर्गणीदार तेच.

ज्या सूत्राच्या उत्तरावर पैशांचा व्यवहार अवलंबून आहे आणि फाइल कोणाच्या हाती कोणत्या पर्यायांसह पोहोचेल याची खात्री नाही, तिथे काउंटइफऐवजी सम्प्रॉडक्ट आणि एक्झॅक्ट ही सूत्रे एकत्र वापरावीत. एक्झॅक्ट दोन मजकुरांची अक्षरशः तुलना करते, त्यामुळे संपूर्ण सेलची खूण, वाइल्डकार्ड किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन यांपैकी कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाही. हजारो ओळींच्या यादीत ते किंचित मंदावते, एवढाच तोटा.

आणि पर्याय बदलून, फाइल जतन करूनही प्रत्येक नवी फाइल पुन्हा सैल शोधानेच उघडत असेल, तर संगणकावर कुणीतरी जुनी यादी साचा म्हणून नेमून ठेवलेली असण्याची शक्यता धरावी. साच्यात त्याचे स्वतःचे पर्याय साठवलेले असतात आणि त्यावरून निघणारी प्रत्येक फाइल तेच घेते. ‘फाइल’ मेनूतील ‘टेम्प्लेट्स’मध्ये जाऊन तो साचा संपादनासाठी उघडावा, कॅल्क्युलेटच्या पानावर खूण करून जतन करावा आणि त्यानंतरच नव्या महिन्याची यादी सुरू करावी.